आठ महिने एपिलेटर वापरल्यानंतर: मार्च क्लोजिंग ते नवरात्र

ज्यांनी मार्च क्लोजिंग केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, त्या महिन्यात स्वतःसाठी तासभरसुद्धा मिळत नाही. मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याचे हिशेब बघते आणि राहते दांडिया बाजारात. सकाळी साडेआठला अ‍ॅक्टिव्हा काढायची, रात्री आठला घरी. एप्रिलमध्ये भाचीचं लग्न, आणि लागोपाठ तीन रविवार पार्लरच्या बाकावर नंबर यायची वाट बघण्यात गेले. तिसऱ्या रविवारी दीड तास बसून तशीच परतले आणि त्याच रात्री एपिलेटर मागवला. चौतीसशे रुपयांना पडला. चार्जिंगवर चालणारा, पाण्याखाली धुता येणारा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: यात ब्लेड नसतं. एका गोल फिरणाऱ्या डोक्यावर बारीक चिमट्यांच्या रांगा असतात. त्या उघडतात, मिटतात आणि केस मुळासकट ओढून काढतात. म्हणजे काम वॅक्सचंच, फक्त एकेक केस धरून. 1986 साली इस्रायलमधल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, बनलेलं एपिलेडी नावाचं यंत्र या सगळ्यांचं मूळ. त्यात चिमटे नव्हते, वेगाने फिरणारी वाकवलेली स्प्रिंग होती आणि तिच्या वेटोळ्यांत केस अडकायचे. आताच्या चिमट्यांचंही पहिल्या दिवशी जेवढं दुखलं, ते बघता त्या स्प्रिंगवाल्या बायकांचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही.

दुखतं. ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण विकणारे ती सांगत नाहीत. पहिल्या रात्री मोरीत पाटावर बसून उजव्या नडगीवर यंत्र टेकवलं आणि दोन बोटं पुढे नेऊन उचललं. डोळ्यांत पाणी आलं. एका पायाला पंचवीस मिनिटं लागली, मधे तीनदा थांबले. पायावर बारीक लाल ठिपके उठले, गार पाण्याचा पंचा ठेवून झोपले. सकाळी ठिपके गेले होते. मात्र पाचव्या दिवशी पायावर पुन्हा केस दिसायला लागले आणि मला वाटलं, पैसे वाया गेले.

तसं नव्हतं, पण ते कळायला महिना गेला. अंगावरचे सगळे केस एका वेळी वाढत नाहीत. काही वाढत असतात, काही नुसते थांबलेले, काही गळायच्या बेतात आणि काही अजून कातडीच्या खालीच. पाचव्या दिवशी दिसले ते नवे, त्या रात्री वर आलेलेच नव्हते. म्हणून सुरुवातीचे पाच-सहा आठवडे दर आठवड्याला थोडं थोडं फिरवत राहायचं. जे वर आलंय ते काढलं की हळूहळू सगळं एका वेळापत्रकावर येतं. मला आता अडीच-तीन आठवड्यांनी लागतं, आणि दर खेपेला थोडेच केस असल्यामुळे दुखणंही एक चतुर्थांश उरलंय. बऱ्याच बायका दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला यंत्र कपाटात टाकतात. माझ्या ऑफिसात अशा दोघी आहेत. दोघींना मी हेच सांगितलं, अजून एक महिना काढा.

दुसरी अक्कल चैत्रगौरीत आली. शेजारच्या काकूंकडे संध्याकाळी हळदीकुंकू होतं, म्हणून त्याच दिवशी दुपारी हातांवर एपिलेटर फिरवून गेले. हातात कैरीच्या डाळीची वाटी आली, पन्हं आलं, आणि काकूंनी मायेने मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचा बोळा फिरवला. अशी आग झाली की वाटी खाली ठेवावी लागली. केस निघालेली छिद्रं उघडीच असतात, त्यावर अत्तर काय, डिओ काय, चुरचुरणारच. तेव्हापासून नियम केला: एपिलेटर रात्रीच, कुठे जायचं असेल तर आदल्या रात्री नाही, त्याच्याही आदल्या रात्री. नंतर सैल सुती सलवार, आणि दुसऱ्या दिवशी अत्तर, उन्हातली फेरी, पोहणं काही नाही. लावायला कोरफडीचा गर पुरतो. पान कापलं की उभं ठेवून आधी पिवळा चीक गळू द्यायचा. तो चीकच खाजतो, गर नाही.

हात बसायला लागला तो मे महिन्यात. गरम पाण्याने अंघोळ करून मगच यंत्र घ्यायचं, कातडी मऊ पडते आणि केस सुटून येतो. अंग पूर्ण कोरडं हवं, घामट कातडीवर यंत्र अडखळतं, आणि बडोद्याच्या मे महिन्यात पंख्याखाली बसल्याशिवाय ते जमत नाही. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची. हे एकच धरलंत तरी दुखणं बरंच कमी होईल, कारण सैल कातडी केसाबरोबर ओढली जाते. यंत्र सरळ उभं धरायचं, केस ज्या दिशेला वाढतात त्याच्या उलट न्यायचं, आणि सावकाश. घाईघाईने फिरवलं की केस उपटला जात नाही, मधेच तुटतो, आणि मग दोन दिवसांत रेझर फिरवल्यासारखे बोचरे खुंट हाताला लागतात. केस अगदी आखूड असावेत, दोन-तीन मिलिमीटर. वॅक्सला तांदळाच्या दाण्याएवढी वाढ लागते, म्हणजे ते आठ-दहा दिवस पूर्ण बाह्यांत काढायचे. माझ्यासाठी एपिलेटरचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे. आता वाट बघावीच लागत नाही.

पावसाळ्यात एक तक्रार सुरू झाली. नडगीच्या खालच्या भागात बारीक पुळ्या आल्या, त्यातल्या दोन दुखऱ्या. नीट पाहिलं तर केस बाहेर यायच्या ऐवजी कातडीखाली गोल वळून बसला होता. मी सुईने उकरून काढला, ते चुकलं, डाग आजही आहे. उकरू नका. मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं लोशन दिलं आणि एपिलेटर तीन आठवडे बंद ठेवायला सांगितला. आता एपिलेटर केल्यावर दोन दिवस थांबते, मग घोसाळ्याची वाळलेली जाळी भिजवून आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने फिरवते आणि रोज अंघोळीनंतर मॉइश्चरायझर. वज्री पायांच्या टाचांनाच, नडगीवर नको. सप्टेंबरपासून एकही पुळी नाही.

काखेत मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडलं. तिथली कातडी ताणून धरायला तिसरा हात हवा, आणि रक्ताचे ठिपके आले. त्यासाठी अजूनही पार्लरला जाते, दहा मिनिटांचं काम असतं. चेहऱ्यावर तर अजिबात वापरत नाही. हनुवटीवर अचानक जाड, काळे केस येत असतील आणि पाळीही मागेपुढे होत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा, यंत्राकडे नको. त्यामागे पीसीओएससारखं हार्मोनचं कारण असू शकतं. माझ्या मावसबहिणीचं तसंच निघालं. ती चार वर्षं नुसतं थ्रेडिंग करत राहिली याचं मला आजही वाईट वाटतं.

खरी परीक्षा नवरात्रात झाली. बडोद्यात नवरात्राच्या आधीचा आठवडा म्हणजे पार्लरबाहेर चपलांचा ढीग. नऊ रात्री चणिया-चोळी, उघडे हात, उघडी पाठ, आणि प्रत्येकीला शेवटच्या दोन दिवसांतच यायचं असतं. यंदा मी गुरुवारी रात्री पाय केले, शुक्रवारी रात्री हात, मिळून अर्धा तास, तोही लेकीचा अभ्यास घेता घेता. पाठीला अर्थातच हात पोचत नाही, त्यासाठी एक सकाळ पार्लरला दिली. दुसरी माळ ते दसरा, एकदाही बाही खाली ओढावी लागली नाही. शेरीतल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, गरब्यात सहाव्या रात्री टाळी देताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुठे करतेस गं? मी घरचं म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

त्यांनी दुसऱ्या दिवशी यंत्र उसनं मागितलं, आणि मी नाही म्हटलं. वाईट वाटलं त्यांना, मलाही. पण चिमट्याने कातडीवर टोचल्यासारखे बारीक रक्ताचे ठिपके येऊ शकतात, आणि एकीचं रक्त दुसरीच्या कातडीपर्यंत जाणं बरं नव्हे. घरातल्या घरात, नणंद-भावजय किंवा आई-मुलगीसुद्धा, एकच यंत्र वापरू नये. दर खेपेनंतर डोकं काढून नळाखाली धुवायचं, पूर्ण वाळलं की स्पिरिटचा बोळा फिरवायचा. माझं यंत्र चार्जिंगला लावलेलं असताना चालतच नाही. सुरुवातीला मला ती खोट वाटली, पण ओल्या मोरीत वापरायचं यंत्र तारेला जोडलेलं नसणंच बरोबर आहे.

मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पायावर फुगलेल्या शिरा असतील किंवा इसब, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही नाही. त्या गोळ्यांनी कातडी नाजूक होते आणि वॅक्स किंवा एपिलेटरने सोलवटते.

पैशांचं म्हणाल तर हात, अर्धे पाय आणि काख मिळून पार्लरला महिन्याला पाचशे जायचे, आता काखेचे शंभर जातात. आठ महिन्यांत बत्तीसशे वाचले, म्हणजे अजून दोनशे वसूल व्हायचेत. वेळेचा हिशेब त्याहून चांगला आहे. जाणं-येणं-बसणं धरून महिन्याचा एक अख्खा रविवार दुपारपर्यंत जायचा. आता त्याऐवजी घरी पंचवीस मिनिटं लागतात, तीही दोन रात्रींत तोडून.

बॅटरी पहिल्यासारखी नाही, चाळीस मिनिटांची तीसवर आलीये. दोन चिमटे थोडे बोथट झालेत, उजव्या बाजूचे बारीक केस सुटतात, तिथे यंत्र दोनदा न्यावं लागतं. सुटं डोकं आठशेला मिळतं. संक्रांतीच्या आत बदलीन म्हणते.