मेल्यावर माय भेटेल का? थिऑसॉफी आणि ख्रिस्ती श्रद्धा, दोन्हीकडे बसून पाहिल्यावर

संभाजीनगर-जालना पट्ट्यात, निदान माझ्या ओळखीत तरी, घरच्या कीर्तन-पारायणापलीकडे जाऊन मरणाचा विचार करावासा वाटला की माणूस आधी थिऑसॉफीच्या, म्हणजे ब्रह्मविद्येच्या, पुस्तकांकडे वळतो. ते सोपं पडतं. चर्चमध्ये जाऊन बसणं अवघड. दोन रविवार गेलात की गल्लीत कुणीतरी विचारतंच, "काय सर, बाटलात की काय?" मी आधी थिऑसॉफीच्या एका घरगुती अभ्यासवर्गात बरीच वर्षं बसलो. नंतर शाळेतल्या एका सहशिक्षकाबरोबर छावणीतल्या उपासनेला जाऊ लागलो. त्यामुळे हे धर्मशास्त्र्याचं विवेचन नाही. दोन्ही घरचं पाणी प्यायलेल्या माणसाचं मत आहे, तेवढंच धरा.

न्यूयॉर्कला १८७५ मध्ये मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कट यांनी थिऑसॉफिकल सोसायटी काढली, मग ती मुंबईला आणि पुढे मद्रासजवळ अड्यारला आली, एवढा इतिहास पुरे. येशूचं चरित्रही सांगत बसत नाही.

थिऑसॉफीची मोठी सोय अशी की ती तुम्हाला काहीच सोडायला लावत नाही. विश्वबंधुत्व मान्य असलं की पुरे. एकादशी करा, नमाज पढा, नाहीतर काहीच करू नका. सत्याहून थोर धर्म नाही हे त्यांचं ब्रीद, आणि वर्गातली माणसं ते खरोखर पाळायची. तिथे कुणी कुणाची जात विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या भागात ही लहान गोष्ट नाही.

पण कर्म, पुनर्जन्म, मनस, बुद्धी हे सगळं दिसलं म्हणून 'हे तर आपलंच' असं समजून कुणी जात असेल तर जरा थांबावं. आपल्या घरात नातू झाला की "आजोबाच परत आले" म्हणतात. ब्लाव्हॅट्स्कीबाईंच्या हिशेबात ते बसत नाही. १८८९ च्या 'की टू थिऑसॉफी'त त्यांनी दोन जन्मांमधलं अंतर साधारण दहा ते पंधरा शतकांचं दिलं आहे. म्हणजे आजोबा यायचे तेव्हा ना वाडा असेल, ना आडनाव. एकदा माणूस झालेला जीव पुन्हा जनावरात जात नाही, हेही त्यांचं ठाम मत. चौऱ्याऐंशी लक्ष योनी ऐकत मोठा झालेला माणूस इथे चमकतो. मला मात्र ते आवडलं होतं.

आणखी एक आवडलेली गोष्ट. देह, प्राण आणि लिंगशरीर (देहाची सूक्ष्म प्रतिकृती) सुटल्यावर माणसातला वासनांचा भाग कामलोकात, म्हणजे वासनांच्या सूक्ष्म लोकात, काही काळ राहतो आणि विरून जातो. प्लँचेटवर येतं ते हे रिकामं कवच, तुमचा माणूस नव्हे, असं त्या बजावतात. आमच्या गावाकडे मेलेल्याला 'बोलवून' पैसे उकळणारे पाहिले आहेत, म्हणून हा इशारा मोलाचा वाटला. ख्रिस्ती लोकही मेलेल्यांना कौल लावू नये असंच सांगतात, तेव्हा या बाबतीत दोघं बरोबरीत.

आता ज्यावर माझं अडलं, ते.

अभ्यासवर्गात असतानाच माझी माय गेली. दहावा पैठणला गोदावरीकाठी केला. पुढच्या बैठकीत मी विचारलं, माय आता कुठे आहे आणि तिला आमचं काही कळतं का? उत्तर शांतपणे आणि मनापासून दिलं गेलं. जीवाचा वरचा भाग देवाचनात जातो. ती निखळ सुखाची अवस्था. तिथे तिला आपण मेलो हेही ठाऊक नसतं. तिची लेकरं तिच्याभोवती असतात.

"पण आम्ही तर इथे आहोत," मी म्हणालो.

ती लेकरं म्हणजे आम्ही नव्हे. तिच्याच जाणिवेतून तिच्यापुरती उभी राहिलेली आमची रूपं. का, तर खाली पोरांचे हाल चाललेले दिसले असते तर तिला सुख कसलं? युक्तिवाद म्हणून याला तोड नाही. ब्लाव्हॅट्स्कीबाईंनीही तो जवळपास असाच मांडला आहे, आणि स्वर्गात बसून आपल्या माणसांची परवड पाहणं हा कसला स्वर्ग, हा त्यांचा टोला रास्तच आहे.

तरी मी घरी आलो तो चिडूनच. कारण उद्या मी गेलो की मला भेटेल ती मायही माझ्याच मनाने घडवलेली असणार. आणि मी घडवलेली माय माझ्यावर रागावणार नाही. खरी माय फार रागीट होती. ज्वारी निवडताना मध्ये कुणी बोललेलं तिला खपत नसे. थोरल्या भावाच्या लग्नात मानपानावरून माझ्याशी धरलेला अबोला तिने पुरता कधी सोडलाच नाही. "जेवलास का" एवढं विचारायची, त्यापुढे नाही. देवाचनात या अबोल्याला जागा नाही, कारण तिथे दुःखाचा लवलेश चालत नाही. म्हणजे तो तिथे सुटणारही नाही. नुसता गायब होणार. मला तो सुटायला हवा आहे.

वर्गातल्या जाणत्यांनी समजूत घातली ती अशी: खरं प्रेम मरत नाही, त्याची ऊब मागे राहिलेल्यांना स्वप्नातही जाणवते आणि प्रेमाने बांधलेले जीव कर्माच्या ओढीने पुढच्या जन्मी पुन्हा जवळ येतात. मान्य. पण तेव्हा तिला मी आठवणार नाही आणि मला ती. तुम्हाला एवढं पुरत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा पोक्त आहात, आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

ख्रिस्ती बाजूला माझा हाच प्रश्न घेऊन गेलो. तिथे आत्म्याच्या अमरत्वापेक्षा पुनरुत्थानावर भर आहे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचा. माणूस देहासकट पुन्हा उठवला जाईल, बदललेल्या पण त्याच्याच देहाने, असा त्याचा रोख. योहानाच्या शुभवर्तमानात मरणातून उठलेला येशू कबरीपाशी रडणाऱ्या मरीया मग्दालियेला नावाने हाक मारतो, तेव्हा ती त्याला ओळखते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो खिळ्यांचे वण दाखवतो, म्हणजे उठल्यावरही ते पुसले गेलेले नाहीत. आणि ज्या पेत्र या शिष्याने त्याला तीनदा नाकारलं त्यालाच समुद्रकाठी तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस का?" पेत्र तिसऱ्या वेळी खट्टू होतो. मेल्यानंतरही दोघांमधलं बिनसलेलं दोघांनीच बसून निस्तरायचं असतं, हे मला तिथे पहिल्यांदा सापडलं. आता पुरावा म्हणाल तर दोन्हीकडे सारखाच, म्हणजे शब्दावर विश्वास.

इथेही टोचणारं आहे, आणि ते लहान नाही. एकच जन्म, मग न्याय. मायने येशूचं नाव फार तर नाताळच्या सुट्टीपुरतं ऐकलं असेल. तिचं काय? छावणीतल्या पाळकसाहेबांनी "ते देवाच्या हाती" म्हणून विषय मिटवला. ते प्रामाणिक होते, पण मला अपुरं वाटलं. कॅथलिकांकडे यावर जास्त मोकळीक आहे. ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे त्यांच्या बिशपांच्या जागतिक सभेने, १९६४ मध्येच म्हटलं आहे. शिवाय ते मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरला तर खासच. बहुतेक प्रोटेस्टंट हे करत नाहीत. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या घरातल्या माणसाला हा फरक फार जाणवतो, तेव्हा कुठल्या चर्चमध्ये जाता तेही पाहूनच ठरवा.

दुःखाच्या कारणाबद्दल दोघांची तुलना करायची तर किल्लारीचा भूकंप घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती उलटलेली, आणि हजारो माणसं घरांच्या दगडमातीखाली गेली. थिऑसॉफी याला सामुदायिक कर्माचं उत्तर देते. नीट, सुसंगत उत्तर. येशूला यरुशलेमेतला शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याची घटना ठाऊक होती. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते काय, असं विचारून तो स्वतःच 'नाही' म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. का मेले ते सांगत नाही. ज्याला कारण हवं त्याचं समाधान इथे होणार नाही. मला त्या भागातल्या नातेवाइकांसमोर कारण सांगायची हिंमत कधी झाली नाही, म्हणून मला न सांगणारा बरा वाटतो, एवढंच.

वारकऱ्याला एक गंमत वाटेल. थिऑसॉफीत परब्रह्म आहे, पण ज्याच्याशी भांडावं असा विठोबा नाही. नरसीचा नामदेव आणि गंगाखेडची जनी ज्या हक्काने देवाशी बोलतात, तो हक्क मला प्रार्थनेतल्या "आमच्या स्वर्गातील बापा"मध्ये जास्त ओळखीचा वाटला. ब्रह्मविद्येचा अभ्यास करणारे माझे मित्र यावर हसतात. बापाशी बोलणं ही पहिली इयत्ता आहे, म्हणतात. असेल.

व्यवहाराचं थोडं. थिऑसॉफीत सभासद होऊन घरात काहीच बदलत नाही. बाप्तिस्म्याने बदलतं: लग्नं, सोयरीक, गावचा मान. अनुसूचित जातीच्या माणसाला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती राहत नाहीत. ज्यांच्या पोरांचं शिक्षण त्यावर चालू आहे त्यांनी घरात बसून, सगळ्यांना विचारून ठरवावं.

मी स्वतः अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. पाळकसाहेब घाई करत नाहीत, बायको पंढरीची वारी सोडायला तयार नाही, आणि तिने सोडावी असं मलाही वाटत नाही. पण अभ्यासवर्गाला जाणं मात्र बंद केलं.