ट्रायल्स सायकलचे मागचे ब्रेक पॅड : मऊ की कडक?

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता दगड, कठडे यांवरून सायकलने उड्या मारत जाण्याचा खेळ. त्यासाठी मागच्या ब्रेकला मऊ पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) पॅड मी दोन वर्षं वापरले आणि कडक पॅडवर येऊन आता तीन वर्षं होत आली. ब्रेक तोच, मगुरा कंपनीचा एचएस ३३. हायड्रॉलिक रिम ब्रेकवर, म्हणजे द्रवाच्या दाबाने चाकाच्या धातूच्या कड्यावर (रिमवर) पॅड दाबणाऱ्या ब्रेकवर राहायचं हे ज्यांचं ठरलंय आणि पॅडपाशी गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हा अनुभव.

आधी रिमकडे बघा. तिची बाजू गुळगुळीत आहे की ग्राइंडरने ओरखडे मारून खरखरीत केलेली आहे, यावर निम्मा निर्णय तिथेच होतो. गुळगुळीत रिमवर कडक पॅड जवळजवळ धरतच नाही. उलट ताज्या ग्राइंडवर मऊ पॅड लावला, तर खोबरं किसणीवर धरल्यासारखी त्याची गत होते.

मऊ पॅडची सवय लागते ती त्याच्या स्पर्शामुळे. एका बोटाने लिव्हर हलकेच ओढली तरी चाक अलगद धरलं जातं आणि आवाजही फारसा होत नाही. नुकतंच मागच्या चाकावर उभं राहायला शिकणाऱ्याला हे फार सोयीचं आहे, कारण त्याच्या बोटात अजून तेवढी ताकद आलेली नसते. गुळगुळीत रिमवर काहीजण डांबराचा हात फिरवतात. त्याने पकड वाढते हे खरं, पण ब्रेक चिकटल्यासारखा लागतो आणि थोडासाच ब्रेक मारून चाक हळू सोडणं जमत नाही. पाण्याचं मात्र मऊ पॅडला वावडं आहे. दगड ओले असले, रिमवर पाण्याचा पातळ थर आला, की चाक घसरतं. मी तरी ओल्यात त्या पॅडवर मोठी उडी घ्यायला कधी धजावलो नाही.

म्हणून मी रिम ग्राइंड केली आणि पॅड मात्र मऊच ठेवले. पहिल्या दिवशी पकड अशी होती की यापुढे दुसरं काही नकोच, असं वाटलं. पण तासाभरात लिव्हर हँडलबारच्या जवळ येऊ लागली. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे येऊन राहतो. रिम ब्रेकचा पिस्टन दरवेळी आपल्या जागी परत जातो. त्यामुळे पॅड जेवढा झिजेल, तेवढी लिव्हर जास्त ओढावी लागते. लिव्हरवरचा अ‍ॅडजस्टर फिरवला की ती पुन्हा जागेवर येते, पण मला ते दोन-तीन तासांच्या सरावात चार-चार वेळा करावं लागायचं.

वरवर पाहता ही किरकोळ कटकट आहे. पण बॅकहॉप करताना, म्हणजे नुसत्या मागच्या चाकावर उड्या मारताना, आपण लिव्हरकडे बघत नसतो. कुठे धरायचं हे बोटाला पाठ झालेलं असतं. तो बिंदू सूतभर जरी सरकला, तरी बोट ओढतं, चाक क्षणभर उशिरा अडकतं आणि तेवढ्यात सायकल मागे गेलेली असते. एकदा कमरेएवढ्या कठड्यावर चढलो, मागचं चाक टेकलं आणि नेमकं असंच झालं. लागलं फारसं नाही. पण पुढचे कितीतरी दिवस मी प्रत्येक उडीआधी लिव्हर दाबून बघत होतो, आणि उडीवरचं लक्ष ब्रेकवर गेलं की उडी तिथेच बिघडते. पकड कमी असती तर मी सोसली असती, रोज बदलणारी पकड मला सोसवली नाही.

कडक पॅड लावल्यावर हे थांबलं. झिजतो तोही, पण इतका हळू की अ‍ॅडजस्टरला हात लावायची वेळ क्वचितच येते. ओल्या रिमवरही तो बऱ्यापैकी धरतो, कारण ओरखड्यांच्या कडा पाण्याच्या थरातूनही पॅडला भिडतात. आवाज मात्र कर्कश आहे, ज्यांना शांत जागी सराव करायचा असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं. ओरखड्यांत पॅडची पूड भरते, ती मी तारेच्या ब्रशने काढतो. ग्राइंड बोथट झालं की पुन्हा मारावं लागतं आणि दर वेळी रिमची भिंत थोडी पातळ होते. रिम आधीच पातळ असेल, किंवा तिला ग्राइंडर लावायला मन धजत नसेल, तर मऊ पॅडच बरे. तिथे कडक पॅडचा आग्रह मी धरणार नाही.

पॅडची पाठ, म्हणजे तो ज्यावर बसवलेला असतो तो भाग, तिच्याबद्दल थोडक्यात : प्लास्टिकची पाठ जोर दिल्यावर किंचित वाकते आणि लिव्हर स्पंजासारखी लागते. अ‍ॅल्युमिनियमची महाग पडते, पण पुढे फक्त पॅडचा तुकडा बदलता येतो. कडक पॅड घेणार असाल तर पाठही कडकच घ्या.

नवे कडक पॅड पहिल्या दिवशी निराश करतील, त्यावरून मत बनवू नका. पूर्ण पृष्ठभाग रिमला सपाट टेकेल असे बसवा, टायरला कुठे घासत नाहीत ना ते बघा आणि एक-दोन दिवस जमिनीवरच उड्या मारा. माझ्या पॅडनी दुसऱ्या दिवशी दुपारी पकड घेतली आणि तेव्हापासून लिव्हर आहे तिथेच आहे.