सोयाबीनचे द्रवरूप रायझोबियम: घ्यावे, पण उन्हापासून जपावे

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सोयाबीनसाठी रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतले नत्र, म्हणजे नायट्रोजन, बांधणारे जिवाणू) आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) द्रवरूपात मिळतात. पेरणीआधी ते बियाण्याला लावायचे. लिग्नाइटच्या (कोळशाच्या भुकटीच्या) जुन्या पाकिटापेक्षा हे कितीतरी सोयीचे. गुळाचे पाणी लागत नाही, टिकतेही जास्त. नियमाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत. पाकिटाला ग्रॅममागे 5 कोटी चालतात. मुदत आणि पिकाचे नाव बाटलीवर वाचूनच घ्या.

खरी अडचण मे महिन्याची. पारा 42 च्या पुढे आणि बाटली पत्र्याच्या खोलीत, मग आत फक्त पाणी उरते. ती माठाशेजारी, गार अंधारात ठेवा. मोटारसायकलच्या डिकीतून दुपारी आणू नका.

बियाण्याच्या किलोला 10 मिली रायझोबियम, 10 मिली पीएसबी. म्हणजे 30 किलोच्या पिशवीला 300-300 मिली. वरून पाणी अजिबात नको. सोयाबीनचे टरफल पातळ, जास्त ओल झाली की फुगून सुटते आणि उगवण जाते. ताडपत्रीवर बी पसरून हलक्या हाताने खालीवर करा, चोळू नका. बुरशीनाशक आधी लावून वाळवा, जिवाणू सगळ्यात शेवटी. दोन्ही एकत्र कालवले तर जिवाणू मरतात. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय बियाण्याला हात लावू नका.

आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पीएसबीला विशेष महत्त्व आहे. बेसाल्टच्या या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा 8 च्या आसपास, त्यामुळे दिलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते. जिवाणूंची सेंद्रिय आम्ले त्यातले थोडे मोकळे करतात. थोडेच, म्हणून स्फुरदाचे खत बंद करू नये.

सोयाबीन पहिल्यांदाच घेतलेल्या रानात फरक ठळक दिसतो. वर्षानुवर्षे सोयाबीनच असलेल्या रानात जिवाणू आधीच असतात, तिथे फार आशा धरू नका. चाळिसाव्या दिवशी झाड कुदळीने मातीसकट उचला, उपटू नका, गाठी तुटतात. गाठ कापल्यावर आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधले जातेय. पांढरी किंवा हिरवी असेल तर काम बंद. युरिया जास्त पडला तरी गाठी कमी धरतात.

आंतरपिकातल्या तुरीला ही बाटली चालत नाही, तिचे रायझोबियम वेगळे मागा.