कार्बापेनेमेज शोधायला एमसीआयएम की पीसीआर?

मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या क्लेबसिएला जंतूत ते औषध मोडणारे एन्झाइम, म्हणजे कार्बापेनेमेज, आहे का हे पाहायला एमसीआयएम ही डिस्कची चाचणी जनुक शोधणाऱ्या पीसीआरपेक्षा स्वस्त पडते. 2 मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायचा द्रव) 1 मायक्रोलिटर लूपभर ताजे जंतू मिसळायचे, 10 मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क बुडवून 35 अंशांवर 4 तास ठेवायची, मग मेरोपेनेमला संवेदनशील ई. कोलाय जंतू पसरलेल्या प्लेटवर लावायची. डिस्क काढताना नळीच्या कडेला निथळून घ्या. जादा ब्रॉथ प्लेटवर पसरला की वाचन फसते. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवतीचे जंतू न वाढलेले वलय 6 ते 15 मिमी आले तर पॉझिटिव्ह, स्वच्छ 19 किंवा जास्त असेल तर निगेटिव्ह. मधले आकडे डोकेदुखीच.

कार्ट्रिज पीसीआर साधारण तासाभरात जनुकाचे नावच सांगते, आणि औषध त्यावरच ठरते: केपीसी जनुक असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे अँटिबायोटिक चालते, एनडीएम जनुक असेल तर ते एकटे निकामी. मात्र पॅनेलबाहेरचे, म्हणजे कार्ट्रिजच्या यादीत नसलेले, जनुक पीसीआरला दिसत नाही. तरी आयसीयूतल्या रुग्णासाठी आधी पीसीआरच.