गोचीड आणि चावऱ्या माश्या: पैसे गाईवर घालायचे की गोठ्यावर?

गोचीड गाईच्या अंगावर दिसतो, म्हणून औषधही आपण गाईच्या अंगावरच मारतो. मीही सहा-सात वर्षं तेच केलं. पाच संकरित गाई, आजोबांच्या काळचा दगड-मातीचा गोठा आणि दर उन्हाळ्यात दुकानातून आणलेली एक बाटली. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दुसऱ्या वेताची एक गाय चारा सोडून उभी राहिली. ताप १०६. खांद्यापुढची गाठ हाताला लिंबाएवढी लागत होती. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, गोचीडताप, म्हणजे थायलेरिओसिस. ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन दिलं, पण त्याआधीचे तीन दिवस आम्ही ‘उष्णता झाली असेल’ म्हणून ताक पाजण्यात घालवले होते. गाय गेली. त्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून गव्हाणीमागची भिंत पाहिली. दगडांच्या सांध्यांत इतके फुगलेले गोचीड होते, की आधी वाटलं कुणी एरंडाच्या बिया कोंबून ठेवल्यात.

यंदा काय घ्यायचं हे ठरवताना पहिला प्रश्न औषधाचा नसतो. तुमच्याकडे कोणता गोचीड आहे, हा असतो. आपल्याकडे मुख्य जाती दोन. ऱ्हिपिसेफॅलस हा पिल्लू असल्यापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो, साधारण तीन आठवडे. मादी फक्त अंडी घालायला खाली उतरते. लालमूत्राचा आजार, म्हणजे बबेसिओसिस, हा पसरवतो. दुसरा हायलोमा. याच्या पायांवर फिकट पट्टे असतात. रक्त पिऊन तो खाली उतरतो, भेगेत शिरून कात टाकतो आणि पुन्हा जनावर गाठतो. गोचीडताप आणतो तो हा. पहिला तीन आठवडे आपल्या हाताशी असतो, म्हणून अंगावरच्या औषधाला सापडतो. दुसऱ्याची बहुतेक फौज तुम्ही फवारता तेव्हा भिंतीत असते.

अंगावरची औषधं

फवारणीसाठी सहज मिळणारी दोन: १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन आणि १२.५ टक्के अमिट्राझ. दोन्ही साधारण लिटरला २ मिली, तरी बाटलीवरचं प्रमाण वाचूनच घ्या. डेल्टामेथ्रिन गोचिडांबरोबर माश्यांनाही आवरतं, अमिट्राझ माश्यांना फारसं काही करत नाही. म्हणजे पावसाळ्यात माश्यांचाही त्रास असेल तर कल डेल्टामेथ्रिनकडे. पण ते आणि सायपरमेथ्रिन एकाच घराण्यातली. ही औषधं इतकी वर्षं वापरून झाली आहेत, की देशात बऱ्याच ठिकाणचे गोचीड त्यांना जुमानत नाहीत. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी कानात आणि शेपटीखाली चाचपून पाहा. जिवंत, फुगलेले सापडले तर औषधाचं घराणं बदला. प्रमाण दुप्पट करण्याचा मोह नको. दारात घोडं किंवा शिंगरू असेल तर त्याच्या अंगावर अमिट्राझ चुकूनही जाऊ देऊ नका, त्याची आतडी बंद पडतात. शेततळ्यात मासे असतील तर डेल्टामेथ्रिनचं पाणी तिकडे जाता कामा नये.

खरं सांगायचं तर बऱ्याचदा औषध फसत नाही, आपण फसवतो. मोठ्या गाईला भिजवायला तीन-चार लिटर द्रावण लागतं. आपण तेवढ्यात पाच गाई उरकतो. केसांच्या उलट्या दिशेनं मारायचं. कान, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), कास, जांघा आणि शेपटीचं मूळ सोडायचं नाही. आधी गाईला पोटभर पाणी पाजायचं आणि अंग वाळेपर्यंत मुसकं बांधायचं, म्हणजे ती चाटत नाही. भर उन्हात नको. आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. एकाच फवारणीत काम झालं असं समजणाऱ्यांच्या गोठ्यात महिन्यानं तीच जत्रा भरते.

पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन, दहा किलो वजनाला १ मिली, मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून. पंप नको, पाणी नको, एक माणूस दहा मिनिटांत पाच गाई करतो. फवारणीपेक्षा महाग, पण मजूर मिळत नसेल तर हिशेब बरोबरीत येतो. मात्र तेही त्याच डेल्टामेथ्रिनच्या घराण्यातलं आहे, तेव्हा गोचीड आधीच निर्ढावलेले असतील तर महाग बाटलीही तशीच वाया जाईल.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन लोकांना फार आवडतं. टोचलं की झालं. पण दूध देणाऱ्या गाईला ते नको, औषध दुधात उतरतं आणि ते दूध घरातल्या लेकरांच्याही पोटात जातं. भाकड गाय, कालवड, बैल यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या, जंतांचंही काम होतं. ऱ्हिपिसेफॅलसवर चालतं, भिंतीतल्या हायलोमाला ते कुठून पोचणार?

झाडपाल्याचा अर्क: लसूण, कडुलिंबाचा पाला, वेखंड, हळद, घाणेरीचा पाला आणि तुळस वाटून लिटरभर पाण्यात गाळायचा आणि आठवड्याला फवारायचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं ही कृती प्रसारात आणली आहे. थोडेसे गोचीड, लहान वासरं, किंवा दुधाचा प्रश्न असेल तिथं मी हाच वापरतो. गोचिडांनी भरलेल्या गाईवर मात्र एकट्या अर्कावर विसंबू नका.

भिंत, गव्हाण, उकिरडा

आता माझा पक्षपात. बंदिस्त गोठ्यात पैसे मोजकेच असतील तर पहिला रुपया मी भिंतीवर घालेन. आम्ही तेच केलं. आधी गाई बाहेर काढल्या, सुका चारा आणि पोती लांब नेली आणि गॅसच्या फ्लेम गननं भेग अन् भेग भाजून काढली. जाळताना बारीक चटचट आवाज येतो, तो ऐकताना बरं वाटलं, हे कबूल करतो. मग सांधे सिमेंटनं भरले आणि वरून चुना मारला. कामाला तीन दिवस लागले, खर्च एकदाच झाला. त्यानंतर अंगावरची फवारणी वर्षात दोन-तीनदाच लागते, पूर्वी महिन्याला लागायची. पाचटाचं किंवा गवताचं छप्पर असेल तर ज्योतीचं नाव काढू नका. तिथं भेगा लिंपून, गोठ्यासाठी बाटलीवर दिलेल्या वेगळ्या प्रमाणानं भिंती आणि जमीन फवारायची.

याउलट ज्यांचा मुक्त संचार गोठा आहे, त्यांच्याकडे लपायला भेगाच कमी. वर चार-सहा देशी कोंबड्या सोडल्या की त्या खाली पडलेले गोचीड टिपतात. कोंबड्या असतील तर मात्र अंगणात औषध फवारून लगेच त्यांना सोडू नका. नवा गोठा बांधायचा विचार असेल तर आजार टाळण्याच्या दृष्टीनं मुक्त गोठाच उजवा.

माश्यांचं गणित वेगळं. गाय सारखी पाय आपटत असेल तर पुढच्या पायांकडे बघा. घरमाशीसारखीच माशी, पण तोंडातून सुई पुढं आलेली. ती ओल्या, कुजक्या चाऱ्यात आणि शेणात अंडी घालते. उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. गव्हाणीखालचा चिखल आठवड्यातून दोनदा काढला आणि उकिरडा गोठ्यापासून लांब नेला, तर जो फरक पडतो तो कोणत्याही बाटलीनं पडत नाही. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केल्यानं डास-चिलटं तेवढ्यापुरती हटतात, आणि तिव्याच्या, म्हणजे तीन दिवसांच्या तापाच्या, दिवसांत तेवढंही चालतं.

लस कुठे, औषध कुठे

लम्पीच्या बाबतीत तुलनाच नको. २०१९ मध्ये तो ओडिशात पहिल्यांदा आढळला आणि २०२२ मध्ये आपल्याकडे बाजार बंद पडेपर्यंत पसरला. चावऱ्या माश्या, डास, गोचीड सगळेच त्याला नेतात, म्हणून कुठलीही फवारणी पुरी पडत नाही. शेळ्यांच्या देवीची लस दरवर्षी, शेजारच्या गावात गाठी दिसायच्या आधी. टोचल्यावर ताकद यायला तीनेक आठवडे लागतात.

गोचीडतापाचीही लस आहे: तीन महिन्यांवरच्या संकरित आणि विदेशी जनावरांना, आयुष्यात एकदा. अडचण साठवणुकीची. रेतमात्रांसारखी ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे दुकानात जाऊन आणली असं होत नाही. गावातले दहा-बारा जण मिळून डॉक्टरांकडे मागणी करा. एकट्यासाठी ती बोलावणं परवडत नाही. खिलार, डांगी, लाल कंधारी असली देशी जनावरं या तापाला पुष्कळ तोंड देतात, त्यांच्यासाठी हा खटाटोप करू नका.

शेजारच्या तात्यांनी परवा विचारलं, “दोनच जर्सी आहेत, भिंत विटांची, सिमेंट उडालेलं. काय करू?” मी म्हटलं, तात्या, आधी गवंडी बोलवा, मग अमिट्राझ आणा, आणि बाजारातून नवी गाय आणाल ती पंधरा दिवस वेगळी बांधा. “आणि हातानं वेचून काढलेले?” ते रॉकेलच्या डब्यात टाका, बोटांनी चिरडू नका. गुजरातमध्ये २०११ मध्ये माणसांना झालेला काँगो ताप याच हायलोमाशी जोडलेला होता.

महिन्यातून एकदा मी अजून रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात फिरतो. गेल्या वेळी दाराच्या लाकडी चौकटीमागे चार सापडले. चौकट पावसाळ्याआधी काढायची आहे.