ग्रीन कार्डाचा आय-७५१ अर्ज भरून देतो म्हणून २,६५० डॉलर घेतले आणि अर्ज पाठवलाच नाही

त्या माणसाचं आणि त्याच्या ऑफिसचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझ्या वकीलबाईंनी तसं बजावलं आहे. पण मध्य न्यू जर्सीत लग्न करून आलेल्या मुलींनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी हे पूर्ण वाचा. ज्यांच्या ग्रीन कार्डाची मुदत या वर्षात संपते आहे त्यांनी तर वाचाच.

आमचं लग्न डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीला झालं. नवरा इथला नागरिक आहे. आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज), नंतर एनव्हीसीचे (नॅशनल व्हिसा सेंटरचे) कागद, आय-८६४ (नवऱ्याची आर्थिक हमी), मुंबईच्या कॉन्सुलेटमधला इंटरव्ह्यू, हे सगळं आम्ही दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर बसून केलं होतं. कुणाला एक पैसा दिला नव्हता. १९ ऑगस्ट २०२३ ला मी नुअर्कला उतरले. लग्नाला दोन वर्षं व्हायला चार महिने बाकी होते, म्हणून शिक्का सीआर-१ चा, म्हणजे अटी असलेल्या दर्जाचा पडला आणि ग्रीन कार्ड आलं ते दोनच वर्षांचं. तीच मी चार महिने उशिरा आले असते तर दहा वर्षांचं कार्ड हातात पडलं असतं. तिकीट काढताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन वर्षांच्या कार्डाला अटी असतात. कार्डाची मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ भरायचा, लग्न खरं आहे आणि टिकून आहे याचे पुरावे लावायचे. जॉइंट खातं, घराचा करार, इन्शुरन्स, टॅक्स रिटर्न, फोटो. हा अर्ज गेला नाही तर तुमचा इथे कायम राहण्याचा दर्जा आपोआप संपतो. तुम्ही काही गुन्हा केलेला नसला तरी संपतो, आणि पुढे इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येऊ शकते.

‘आधीचं सगळं स्वतः भरलंत, मग हाच अर्ज का दिला दुसऱ्याकडे?’ हे मला आत्तापर्यंत निम्म्या ओळखीच्यांनी विचारून झालंय. त्यांना सांगते. २०२५ च्या मे महिन्यातलं वातावरण आठवा. रोज उठून कुणाला तरी विमानतळावर थांबवल्याची बातमी, रोज व्हॉट्सअॅपवर नवीन भीती. नवरा आठवड्यातले चार दिवस डॅलसला. मी डे-केअरमध्ये सकाळी सातला हजर. आणि ज्या तीन घरांत विचारलं त्या तिन्ही घरांतून उत्तर एकच, ‘या वेळी स्वतः करू नका, एक चूक झाली तर संपलं.’ वकिलाने ३,००० डॉलर सांगितले. हा माणूस १,१५० मध्ये करतो म्हणाला. चुलतसासऱ्यांच्या ओळखीचा, गणपतीत मंडळाच्या वर्गणीत नाव सगळ्यात वर, बोलायला अस्सल कोल्हापुरी. कुणीही दिलं असतं काम.

ऑफिस किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. बाहेर पाटी: इमिग्रेशन, टॅक्स, ओसीआय, नोटरी. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकीलच असतो, त्यामुळे तो गोल शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो. अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सही समोर झाली एवढं सांगणारा माणूस. त्याला कायद्याचा सल्ला द्यायचा काडीचाही अधिकार नाही. इमिग्रेशनच्या केसमध्ये सल्ला देऊन तुमची बाजू मांडू शकतो तो वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. बाकी ‘कन्सल्टंट’ हा शब्द पाटीवर कुणीही रंगवू शकतो.

आता तो चेक. याचा विचार आला की अजूनही झोप उडते.

मी फॉर्मसोबतच्या सूचना वाचल्या होत्या. सरकारी फी ७५० डॉलर, चेक ‘यू. एस. डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी’ या नावाने लिहायचा, हे मला माहीत होतं आणि मी तो तसाच, पूर्ण नाव घालून, घरून लिहून नेला होता. त्याने तो हातात घेतला, पाहिला आणि टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला. ‘ताई, हा नको. आमच्याकडून सगळ्यांचे एकत्र जातात, आमच्या खात्यावरून. एकेकटा चेक गेला की महिना महिना पडून राहतो.’ इतक्या सहज म्हणाला, जसं काही रोजचंच आहे. बाहेरच्या खोलीत दोन कुटुंबं फायली मांडीवर घेऊन बसली होती, त्यातल्या एका बाईच्या कडेवर लहान मूल होतं. मी दुसरा चेक त्याच्या कंपनीच्या नावाने लिहिला. पहिला चेक माझ्याकडेच आहे, मधोमध रेघ मारलेला. सरकारी नावाचा चेक नको म्हणणारा माणूस अर्ज पाठवणारच नाही, हे आज स्पष्ट दिसतं. त्या क्षणी समोर वयाने मोठा, ओळखीतला, ‘ताई ताई’ करणारा माणूस होता आणि त्याला खोटा ठरवून उठून जायचं बळ कुठून आणायचं ते मला कुणीतरी सांगावं.

त्याने कोऱ्या फॉर्मवर आमच्या दोघांच्या सह्याही घेतल्या. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही, कुणालाही देऊ नका. आत काय लिहिलं जाईल त्याला जबाबदार तुम्ही, तो नाही.

पैशांचा हिशोब असा. आगाऊ १,१५० डॉलर, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय). फीच्या नावाखाली ७५०, चेकने. जूनमध्ये ‘मराठी लग्नपत्रिका आणि घरच्यांच्या पत्रांचं भाषांतर आणि नोटरी’ म्हणून ३५०, रोख. जुलैच्या शेवटी ‘एक्सपिडाइट’ म्हणजे लवकर निकाल लावून देतो म्हणून ४००, पुन्हा झेल. एकूण २,६५०. रुपयांत सव्वादोन लाखांच्या वर. यातल्या भाषांतराला नोटरी लागतच नाही, दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही भाषांतर करून तसं सहीनिशी लिहून दिलं की चालतं. आणि आय-७५१ ला जादा पैसे भरून लवकर निकाल मिळण्याची सोय मुळात अस्तित्वातच नाही. ज्या गोष्टींना किंमतच नाही त्यांचे हे ३५० आणि ४०० मिळून ७५० डॉलर गेले.

जुलैत त्याने पावतीचं पत्र दिलं, आय-७९७. निळसर कागद, वरती चिन्ह, आमची नावं बिनचूक. त्यावर लिहिलं होतं की कार्डाची मुदत २४ महिन्यांनी वाढवली आहे. हे नीट वाचा: जानेवारी २०२३ पासून आय-७५१ च्या पावतीवर ४८ महिन्यांची मुदतवाढ येते. चोवीस महिने हे त्याआधीचं. त्याने कुणाचं तरी जुनं पत्र घेऊन त्यावर आमची नावं चढवली होती. नंबरही चुकीचा होता. खरा केस नंबर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा तेरा खुणांचा असतो. आमच्या पत्रावर आकडे नऊच होते. मी तो इमिग्रेशनच्या सरकारी वेबसाइटवर टाकला, साइटने घेतला नाही. त्याला लगेच फोन केला. ‘नवीन नंबर आहे ताई, सिस्टिमला चढायला दोन-तीन महिने लागतात.’ अहो, असं काही नसतं! पत्र येतं तोपर्यंत नंबर सहसा सिस्टिममध्ये असतो. नंबर दिसत नसेल तर केसच नसण्याची शक्यता मोठी.

ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत वाढवायला गेले. काउंटरवरच्या बाईने पत्र उलटसुलट करून पाहिलं, संगणकावर काहीतरी टाकलं, आणि म्हणाली, ‘तुमची पडताळणी होत नाहीये.’ माझ्यामागे रांग होती. मी पार्किंगमध्ये येऊन नवऱ्याला फोन केला, त्याने त्या माणसाला केला. तेव्हापासून त्याचा फोन बंद. आठवड्याने ऑफिसचं दार बंद आणि पाटी उतरवलेली.

मग सुरू झाली वणवण. पोलीस स्टेशनमध्ये गेलो तर आत बसायलाही सांगितलं नाही. खिडकीतूनच उत्तर, ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, ही दिवाणी बाब आहे, स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) जा.’ खोटं सरकारी पत्र बनवलंय, त्यावर सरकारी चिन्ह आहे, हे सांगत राहिले तर म्हणे, ‘ते फेडरल, आमचं नाही.’ इमिग्रेशनच्या फेडरल हेल्पलाइनला फोन केला तर मशीन विचारतं काय काम आहे, थोडक्यात सांगा. थोडक्यात काय सांगू? माणूस लाइनवर आला तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की या नंबरची केस नाही, अर्ज पाठवा. फसवणुकीचं काय, तर वेबसाइटवर फॉर्म आहे. बँक म्हणते, झेलचे पैसे तुम्हीच पाठवलेत, खातं कुणी हॅक केलं नाही, परत मिळणार नाहीत. वकिलांच्या तक्रारी घेणाऱ्या ऑफिसने कळवलं की तो वकीलच नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे वकील नसताना वकिली केली म्हणून तक्रार करायची, आणि उत्तर काय, तर तो वकील नाही! राज्याच्या ग्राहक खात्याने तक्रार ‘संबंधित विभागाकडे’ पाठवली. संबंधित विभाग कोणता, हे लिहिलेलं नाही. प्रत्येक जण सभ्यपणे बोलतो, प्रत्येक जण दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो, आणि त्या सगळ्या खिडक्यांवर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात जायचं. माझे पगार कापले गेले ते कुणी मोजायचे? न्यू जर्सीत परवाना नसताना वकिली करणं हा गुन्हा आहे. कायदा आहे. तो वापरायला मात्र खिडकीतल्या कुणालाही वेळ नाही.

आणि याच दिवसांत कोल्हापूरला बाबांची बायपास झाली. खरी पावती हातात नसताना देशाबाहेर गेले तर परत विमानात घेतील याची खात्री नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं. मी गेले नाही. दादाने आयसीयूच्या काचेतून फोन धरला होता, तेवढंच पाहिलं. २,६५० मध्ये हे धरलेलं नाही.

मंडळातल्या लोकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी तक्रार केल्याचं कळल्यावर दोघांनी फोन केले. एक म्हणाले, ‘जाऊ दे, आपलाच माणूस आहे, बाहेर बोभाटा नको.’ दुसऱ्या काकू हळूच बोलून गेल्या की त्यांच्या भाच्याचेही ९०० डॉलर त्याच्याकडे अडकलेत, वर्ष झालं. वर्ष! एक वर्ष आधी त्यांनी चार लोकांत तोंड उघडलं असतं तर मी त्या जिन्याची एक पायरीही चढले नसते. गप्प बसून तुम्ही मंडळाची अब्रू वाचवली नाहीत, त्याला पुढचं गिऱ्हाईक मिळवून दिलंत.

नोव्हेंबरमध्ये खऱ्या वकिलाकडून अर्ज गेला. वकीलबाईंची फी ३,२००, सरकारी फी पुन्हा ७५०. उशीर का झाला याचं सविस्तर निवेदन, त्या माणसाचे मेसेज, दोन्ही चेक, खोटं पत्र, सगळं लावलं. योग्य कारण पुराव्यासकट दाखवलं तर नवरा-बायकोने मिळून उशिरा केलेला अर्जही विचारात घेतात. म्हणून कुणाची मुदत उलटली असेल तर घाबरून घरी बसू नका, खरा वकील गाठा. न्यू जर्सीच्या कोर्टांच्या वेबसाइटवर नाव टाकून वकील खरा आहे का पाहता येतं. तो केसमध्ये उभा राहत असेल तर जी-२८, म्हणजे तुमचा वकील म्हणून नाव नोंदवायचा फॉर्म, भरतो. भरत नसेल तर का नाही, ते विचारा.

आता एक नवीन सापळा होणार आहे. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जासोबत वैयक्तिक चेक घेत नाहीत, क्रेडिट कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म जोडावा लागतो. ‘मी माझ्या कार्डावरून भरतो, मला रोख द्या’ असं हे लोक म्हणणार. देऊ नका. तुमच्याच कार्डावरून भरा, म्हणजे पैसे सरकारने कापले की नाही हे तुमच्या स्टेटमेंटवर दिसेल. यूएससीआयएसच्या (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर स्वतःचं ऑनलाइन खातं उघडा, पासवर्ड कुणाला देऊ नका. पत्ता म्हणून कन्सल्टंटच्या ऑफिसचा पत्ता घालू देऊ नका, पत्रं तुमच्या घरी आली पाहिजेत. मूळ कागद त्याच्याकडे सोडू नका. आमचं मूळ लग्नाचं प्रमाणपत्र अजून त्याच्याकडे आहे, शिवाय दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर असलेले टॅक्सचे कागद. आम्ही तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे आमच्या नावावर कुणाला कर्ज काढता येऊ नये, ते फुकट होतं, तुम्हीही करा. आणि ज्या मुलींची सगळी कागदपत्रं नवरा किंवा सासरे सांभाळतात त्यांनी कार्डावरची तारीख आणि केस नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. दर्जा गेला तर तुमचा जातो.

माझी खरी पावती आली आहे, आयओई ही तीन अक्षरं आणि पुढे दहा आकडे, ४८ महिने. निकालाला किती वेळ लागेल ते माहीत नाही.

शेवटी एका डिटेक्टिव्हने आमचं ऐकून घेतलं. एकाच घराची तक्रार असली तर सरकारी वकील हात लावत नाहीत, दुसरी कुटुंबं आणा, असं त्याने सांगितलं आहे. तेव्हा किराणा दुकानाच्या वरच्या त्या ऑफिसात ज्यांनी फाइल दिली होती त्यांनी आजच आपलं पत्र काढून बघा. चोवीस महिने लिहिलं असेल किंवा आकडे नऊ असतील तर त्याचे मेसेज पुसू नका, झेलच्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या, आणि आपापल्या गावच्या पोलिसांकडे स्वतःच्या नावाने तक्रार द्या. तक्रारीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.