मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा: मेडिकलमधून काय घ्यावे, काय ठेवून यावे

मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा उघडी दिसली की घरात आधी कारणांची यादी सुरू होते. बोअरचे पाणी, नवा शॅम्पू, शाळेतल्या कुणाची तरी टोपी, अभ्यासाचा ताण, 'चाई लागली', 'किडा लागला'. मग त्या यादीनुसार खरेदी होते: कांद्याचे तेल, बायोटिन या ब जीवनसत्त्वाच्या गोड गोळ्या, खाजेचे मिश्र मलम, बुरशीनाशक शॅम्पू, शिवाय नळाला लावायचा फिल्टर. या सगळ्या वस्तू आणि सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीतली एक तपासणी यांचे हे परीक्षण. सर्वांत उपयोगी ती तपासणीच आहे, आणि तिच्याकडे लोक सहसा सगळ्यात शेवटी वळतात.

वस्तूंकडे जाण्याआधी चट्टा उजेडात नीट पाहा, कारण प्रत्येक वस्तूची किंमत त्यावर ठरते. चट्टा गुळगुळीत आहे, कोंडा नाही, खाज नाही, कडेला मुळाशी बारीक होत जाणारे तुटके केस आहेत, तर ती बहुधा चाई. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून ती होते. ती संसर्गाने पसरत नाही. मुलाच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर शंका आणखी बळावते. चट्ट्यावर पांढरट खपली आहे, केस कातडीलगत तुटून काळे ठिपके उरले आहेत, मानेमागे गाठी हाताला लागतात, तर तो डोक्यातला नायटा. ही बुरशी आहे आणि ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. चट्ट्याचा आकार वेडावाकडा आणि आतले केस कमीजास्त लांबीचे असतील, तर मूल स्वतःच केस उपटत असण्याची शक्यता असते. तिथे रागावणे सोडून त्याच्याशी बोलणे आणि गरज पडल्यास मानसोपचार हाच उपाय. कानशिलावर आणि भांगाच्या रेषेत केस विरळ झाले असतील तर शाळेच्या घट्ट दोन वेण्यांकडे पाहा. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस सारखे गळतात, ते काही महिन्यांत आपोआप थांबते. तान्ह्या बाळाच्या डोक्याची मागची बाजू घासून उघडी पडते, तिला तर काहीच लागत नाही.

आता ती तपासणी. डॉक्टर बोथट पात्याने चट्ट्यावरची खपली खरवडतात, चिमट्याने दोन-चार तुटकी खुंटे काढतात, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केसाच्या आत किंवा भोवती बुरशीचे बीजाणू दिसले की निदान पक्के. हा निकाल बहुतेक त्याच दिवशी मिळतो. बुरशीची जात ओळखण्यासाठी कल्चर लावले, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहिली, तर त्याला तीन ते चार आठवडे जातात. तपासणी बिघडते ती घरच्या तयारीमुळे. दोन दिवस आधी तेल बंद करा. मलम लावत असाल तर ते किती दिवस थांबवायचे हे आधीच विचारा, कारण मलमाने वरची बुरशी दबते आणि सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी खोटी कोरी येते. चट्टा आदल्या रात्री घासून धुऊ नका. खपली गेली तर खरवडायला काही उरत नाही.

काही ठिकाणी जांभळ्या प्रकाशाचा दिवा मारून 'चमकत नाही, म्हणजे बुरशी नाही' असे सांगतात. त्यावर विसंबू नका. मांजर-कुत्र्यांच्या पिल्लांकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस त्या दिव्यात हिरवी चमकते. पण आपल्याकडे वारंवार सापडणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम केसाच्या आत राहते आणि चमकत नाही.

केटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू ही पिशवीतली प्रामाणिक वस्तू आहे, पण तिच्याकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते. बुरशी केसाच्या दांड्यात आणि मुळाच्या खोबणीत असते, तिथे शॅम्पू पोचत नाही. तो वरचे बीजाणू कमी करतो, म्हणजे घरातल्या आणि वर्गातल्या इतर मुलांना वाचवतो. वापर असा: केस ओले करून साधारण ८ मिलिलिटर शॅम्पू फक्त चट्ट्यावर नव्हे तर सगळ्या डोक्याला लावा, पाच मिनिटे ठेवा, डोळे मिटून घ्यायला सांगून धुवा. आठवड्यातून दोन-तीन वेळा. तीन वेळा वापरल्यास १०० मिलिलिटरची बाटली एका मुलाला जवळपास चार आठवडे पुरते. घरातल्या इतरांनीही काही आठवडे वापरावा, कारण लक्षणे नसलेल्या डोक्यावरही बीजाणू बसलेले असतात. विकत घेताना टक्केवारी वाचा. कोंड्यासाठीच्या कितीतरी बाटल्या १ टक्क्याच्या असतात. फणी, टोपी, उशीची खोळ वेगळी ठेवा. मुंडण करायची गरज नाही, त्याने बुरशी जात नाही आणि मुलाला शाळेत मान खाली घालावी लागते.

नायट्याला पोटातून गोळी लागतेच. ग्रिसिओफुल्विन मुलांत वजनाच्या किलोमागे रोज २० ते २५ मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे आणि कधी त्याहूनही जास्त दिले जाते. म्हणजे १५ किलोच्या मुलाला दिवसाला ३०० ते ३७५ मिलिग्रॅम. दुधाबरोबर किंवा तुपाच्या जेवणानंतर दिले तरच ते नीट शोषले जाते. उपाशीपोटी दिलेली गोळी अर्धी वाया जाते. टर्बिनाफाइन ट्रायकोफायटॉनवर चांगले आणि कमी दिवसांत चालते, पण मांजराकडून आलेल्या बुरशीवर कमी पडते. म्हणून घरी मांजर असेल तर डॉक्टरांना ते सांगा. डोस मात्र त्यांनीच ठरवायचा. इथे सर्वाधिक चुका दोन. एक, तिसऱ्या आठवड्यात केस उगवताना पाहून गोळी बंद करणे. नायटा परत येतो तो यामुळे. दुसरी अधिक दुःखद आहे. गोळी सुरू झाल्यावर काही मुलांच्या कानामागे, चेहऱ्यावर बारीक खाजरे पुरळ येते. ती मरणाऱ्या बुरशीवरची शरीराची प्रतिक्रिया असते, पण पालक तिला औषधाची ॲलर्जी समजून उपचार सोडतात. पुरळ दिसले की गोळी स्वतः थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणखी एक: डोक्यावर मऊ, दुखरी, पू झिरपणारी सूज आली तर तिला गळू समजून चीर देऊ नये. ती बहुतेकदा बुरशीचीच सूज असते आणि उशीर झाला तर त्या जागी केस कायमचे जातात. अशा वेळी दोन दिवसही वाट पाहू नका.

मिश्र मलम, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड, हे दुकानातच ठेवून या. चार दिवसांत खाज जाते, लाली उतरते आणि घरचे निश्चिंत होतात. स्टिरॉइडने फक्त शरीराचा आवाज बंद केलेला असतो. बुरशी आत पसरत राहते आणि पुढे तिचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलेले असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊच नका.

बायोटिनच्या गोड गोळ्या नीट जेवणाऱ्या मुलाला जवळजवळ कधीच लागत नाहीत, त्याची खरी कमतरता फार दुर्मिळ आहे. उलट भरपूर बायोटिन घेतले की थायरॉइडची रक्ततपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते, आणि केसगळतीत ती तपासणी हवी असते. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. डब्यावर सेलेनियम आणि अ जीवनसत्त्वही पाहा. दोन्ही जास्त झाले की केस गळतात. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे, त्यांत मुलांचेही, केस काही दिवसांत हातात येऊ लागले तेव्हा आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांत आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आढळल्याचे मांडले. एकाच गावात अनेकांचे केस एकदम गळू लागले तर कारण घराबाहेर शोधायचे असते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचे असते. सेलेनियम सल्फाइडचा शॅम्पू मात्र यामुळे टाकून देऊ नका. जखम नसलेल्या डोक्याला लावून धुतल्यास तो कातडीतून फारसा आत जात नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांच्या तपासणीवर करा, कारण लोहाची कमतरता आपल्या मुलांत खरोखर सापडते.

कांद्याच्या तेलाचे समर्थन करताना २००२ च्या इराकमधल्या एका छोट्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. तो चाईवर होता आणि ताज्या कच्च्या कांद्याच्या रसाचा होता, सुगंधी तेलाच्या बाटलीचा नव्हता. नायट्यावर तेल चोळणे तर हानिकारकच, तोच हात आणि तीच फणी मग भावंडांच्या डोक्यावर फिरते. लसूण घासू नका, त्याने कातडी भाजते. बिब्बा तर मुलाच्या आसपासही नको. तो उतला तर फोड येतात.

नळाचा फिल्टर: कार्बनचे कार्ट्रिज क्लोरीन कमी करते, पाण्याचा जडपणा नाही. त्यासाठी मिठाने पुन्हा भरावे लागणारे रेझिनचे यंत्र लागते. जड पाण्याने केस रुक्ष होतात, गोल चट्टा पडत नाही.

चट्टा चाईचा निघाला तर एक-दोन लहान चट्टे वर्षभरात आपोआप भरून येण्याची शक्यता चांगली असते. डॉक्टर स्टिरॉइडचे लोशन देतात, थोड्या मोठ्या मुलांना चट्ट्यातच इंजेक्शन देतात. पूर्ण डोके उघडे पडले असेल तर १२ वर्षे आणि त्यावरील मुलांसाठी रिटलेसिटिनिब या गोळीला अमेरिकेत जून २०२३ मध्ये परवानगी मिळाली आहे. ती रक्ततपासणीनंतर आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची. दर महिन्याला त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून, चट्ट्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. शाळेत वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या: हा आजार लागत नाही, टोपी घालू द्या, टोपी काढायला सांगू नका.